वाचकांचे प्रश्न : चार फेऱ्यांची फेरारी

मागच्या अंकात ट्रॅकवर भाड्याने मिळणाऱ्या महागड्या स्पोर्ट्स कारबद्दल मी दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांना एकच विचारायचंय, ‘किती पळते?’ माझी सगळी नोकरी चाकणला ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये गेली आणि त्यानंतर मी ट्रॅकवर शिकाऊंच्या शेजारच्या सीटवर बसू लागले, त्यामुळे माझं उत्तर फिरून फिरून ‘थांबते कशी’ इथेच येतं. ज्यांना फक्त टॉप स्पीड हवाय त्यांनी कंपनीचं ब्रोशर वाचावं. बाकीच्यांसाठी निवडक पत्रं.

यजमानांच्या पन्नाशीला मुलगा अबूधाबीच्या यास मरीना ट्रॅकवर फेरारी किंवा तसलीच एखादी गाडी चालवायची भेट देतोय. हे वीस वर्षं वॅगनआर चालवतात, तीही साठच्या वर नाही. झेपेल का त्यांना? आणि चार फेऱ्यांसाठी एवढे पैसे घालवावेत का? (सांगलीहून एक वाचक)

झेपेल. साठच्या वर न जाणारा माणूस माझा आवडता विद्यार्थी असतो, कारण तो सांगितलेलं ऐकतो. डोक्याला ताप होतो तो ‘एक्स्प्रेसवेवर मी एकशेऐंशी नेलीय’ म्हणत हेल्मेट चढवणाऱ्याचा.

तिथे काय होतं ते सांगते. आधी अर्ध्या तासाची ब्रीफिंग असते, झेंडे समजावून देतात. पिवळा दिसला की हळू आणि ओव्हरटेक बंद, लाल दिसला की सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत, परत. मग हेल्मेट आणि गाडी. शेजारी इन्स्ट्रक्टर असतोच. रस्त्यात शंकूही मांडलेले असतात. इथे ब्रेक, इथे वळवा, इथे वळणाच्या आतल्या कडेला चिकटा. शंकू पाळले तर गाडी चालवणं मुळीच अवघड नाही. गिअर ऑटोमॅटिक असतात किंवा स्टिअरिंगमागच्या दोन पाकळ्यांवर, उजवीकडची वर, डावीकडची खाली. स्टिअरिंग मात्र डाव्या बाजूला असेल. आपल्याकडच्या माणसाचा डावा हात गिअर शोधत दारावर आपटतो, चौथ्या-पाचव्या वळणापर्यंत ते जातं.

सीट लावताना त्यांना घाई करू देऊ नका. पाठ सीटला पूर्ण टेकवून हात समोर पसरले, की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. लोक भाड्याच्या गाडीत पाहुण्यासारखे अवघडून बसतात, लांबून ब्रेक दाबतात आणि मग म्हणतात, गाडी थांबत नव्हती.

नवख्याचा पाय ब्रेकवर घाबरतो. रस्त्यावर आपण ब्रेक हळू सुरू करून शेवटी जोर लावतो. ट्रॅकवर बरोबर उलट असतं. गाडी सरळ असताना आधी पूर्ण जोर, आणि स्टिअरिंग फिरू लागेल तसतसा पाय उचलत न्यायचा. इन्स्ट्रक्टर ‘ब्रेक, ब्रेक, मोअर!’ ओरडेल तेव्हा दचकू नका म्हणावं, एबीएस असतं, चाकं जाम होत नाहीत. दुसरं म्हणजे नजर. नवीन माणूस बॉनेटपुढचे दहा मीटर बघतो. पुढचा शंकू, त्याच्याही पुढचा शंकू असं बघितलं की हात आपोआप गुळगुळीत होतात.

आता पैशांचं. पहिली फेरी टायर तापवण्यात आणि घाम पुसण्यात जाते, दुसरी भीतीत. तिसरीत माणूस चालवायला लागतो, आणि चौथीच्या शेवटी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा, खेळ संपला. म्हणून गाडी एक पायरी स्वस्त घ्या आणि फेऱ्या वाढवा. ट्रॅकची पूर्ण लांबी ५.२८१ किलोमीटर आहे, पण तो दोन तुकड्यांत विभागता येतो. ‘फेरी’ म्हणजे अख्खा ट्रॅक की अर्धा, हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या. गाडीला धक्का लागला तर आपल्याला किती भरावं लागेल, तो आकडाही लेखी मागा. जादा पैसे घेऊन तो आकडा कमी करून देतात, ते पैसे द्यावेत. वेळ हिवाळ्यातल्या संध्याकाळची निवडा. तिथल्या जुलैत हेल्मेट घालून दुपारी बसणं म्हणजे हौसेला शिक्षा. बूट पातळ तळव्याचे असू देत. चष्मा असेल तर आधी हेल्मेट, मग चष्मा.

मुलगा स्टुटगार्टला नोकरीला आहे. मित्रांबरोबर नूरबर्गरिंगला जाऊन भाड्याची पोर्शे चालवणार म्हणतो. मी घाबरले तर म्हणाला, ‘आई, तो फक्त एक टोल रोड आहे.’ खरं का? (नाशिकहून एक आई)

ताई, खरं आहे, पण मुलाने तुम्हाला निम्मंच सांगितलंय.

नूरबर्गरिंग हा जर्मनीतला शर्यतींचा ट्रॅक. त्याचा जुना उत्तर भाग, नॉर्डश्लाइफं, आयफेलच्या डोंगरात १९२७ साली सुरू झाला. एक फेरी २०.८ किलोमीटरची, सत्तरहून जास्त वळणं आणि सर्वांत खालच्या आणि वरच्या ठिकाणांत सुमारे ३०० मीटरचा फरक. शर्यतींचा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं, ते नाव चिकटलं. १९७६च्या ऑगस्टमध्ये शर्यतीत निकी लाउडा या ड्रायव्हरची फेरारी तिथेच पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या भागाकडे फिरकलंच नाही. नवीन ट्रॅकवर चूक केली तर बाजूला रुंद डांबर असतं, गाडी भरकटते आणि परत येते. इथे रस्त्याच्या कडेला थोडं गवत आणि लगेच लोखंडी कठडा. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हेही तिथे नेहमीचं.

आणि तरी ठरावीक दिवशी, ठरावीक तासांना तो कोणालाही खुला असतो. एका फेरीचे तीस-पस्तीस युरो भरायचे, बॅरिअर उघडतं. त्या वेळी तिथे जर्मन वाहतुकीचे नियमच लागू होतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडे राहायचं. वेळ मोजायला बंदी. म्हणजे स्टॉपवॉच काढून ‘माझी फेरी अमुक मिनिटांत’ हा प्रकारच अधिकृतपणे नाही. त्याच फेरीत तुमच्या मुलाच्या पुढे एखादी कौटुंबिक व्हॅन असेल आणि मागून रोज तिथेच घासणारा एखादा जीटी३ वाला, म्हणजे पोर्शेच्या खास ट्रॅकजोगत्या वेगवान गाडीतला, येत असेल. या दोघांच्या वेगातला फरक हाच तिथला मोठा धोका. वळण कितीही अवघड असलं तरी ते जागेवरून हलत नाही.

निम्मं जे सांगितलं नाही ते असं. कठड्याला गाडी लागली तर कठडा दुरुस्तीचं बिल चालवणाऱ्याला येतं, टोइंगचंही. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा, ज्याला तिकडे कास्को म्हणतात, अनेक करारांत या ट्रॅकवर लागू होत नाही. विमानतळावरून घेतलेली नेहमीची भाड्याची गाडी तिथे नेणं बहुतेक कंपन्यांच्या करारातच मना असतं. खास ट्रॅकसाठी भाड्याने देणारे लोक नूरबर्ग गावाच्या आसपास आहेत. त्यांच्या गाड्यांत गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा, ब्रेकचे चांगले पॅड, अंगाला धरून ठेवणाऱ्या बकेट सीट असतात, आणि अपघात झाला तर भरायची रक्कम हजारो युरोंत असते. पोर्शेची जास्त, अर्थातच.

म्हणून त्याला चार गोष्टी विचारा. गाडी कोणाची? अपघात झाला तर तुझ्या खिशातून किती? पहिल्या फेऱ्यांना शेजारी इन्स्ट्रक्टर आहे का? आणि लायसन्स कुठलं? भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन तिकडचं घ्यावं लागतं. ‘बघू’ म्हणत वर्ष काढणारी मुलं मला माहीत आहेत. तसं निघालं तर पोर्शेचा विषय तिथेच संपला.

बाकी सगळं ठीक असेल तर जाऊ द्या. फक्त पोर्शे दुसऱ्या दिवसासाठी ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी नवख्यांना तिथे छोट्या हॅचबॅक देतात, सुझुकी स्विफ्ट स्पोर्टसुद्धा मिळत आलीय. आपल्या गल्लीतल्या स्विफ्टची ही चुलत बहीण वीस किलोमीटर वळणं शिकवायला पुरून उरते, आणि दमही काढते. रविवारची दुपार टाळा म्हणावं, गर्दी असते. कामाच्या दिवसाची संध्याकाळ बरी. आणि फेरी झाली की फोन करायला सांगा, तेवढं तो ऐकेल.

माझ्याकडे जुनी पोर्शे केमन आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, नेली. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ब्रेकचं पेडल मऊ झालं आणि एकदा थेट खाली गेलं. पंप करून कशीबशी थांबवली. पुण्यात सर्व्हिस सेंटरला दाखवली तर ‘काहीच दोष नाही, तुमचा भास असेल’ म्हणतात. (पुणे)

भास नाही. आणि त्यांना दोष सापडला नाही, तेही खरं. या पत्राची मी वाटच बघत होते.

हिशेब करू. चालकासकट गाडी १४०० किलोची धरा. सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १८० वरून वळणासाठी ८० वर आणलीत. या एका ब्रेकिंगमध्ये जवळपास १४ लाख जूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, त्यातली बरीचशी चाकांबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चार डिस्कमध्ये. एवढ्या उष्णतेत साडेचार लिटर गार पाणी उकळेल. तुम्ही ती तीन-चार सेकंदांत डिस्कमध्ये ओतलीत. मग पुढच्या वळणाला पुन्हा, त्याच्या पुढच्याला पुन्हा. ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो कुठे? वेग वाढला की ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १८० ऐवजी २५० वरून थांबायचं असेल तर जवळपास दुप्पट. आमच्या लॅबमध्ये डायनॅमोमीटरवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, असंच एकामागून एक ब्रेक लावत डिस्क काळोखात नारिंगी दिसेपर्यंत न्यायचो. नवीन मुलं ते बघून आली की चहा न पिता गाडी हळू चालवत घरी जायची.

ही उष्णता डिस्कला चिमटणाऱ्या पॅडमधून, ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ब्रेक ऑइलला पोचते. ब्रेक ऑइलचा एक स्वभाव आहे, ते हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. तेच पाणी पिऊन बसलं की मानकाप्रमाणे हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पुण्यात पावसाळे काढलेलं, दोन-तीन वर्षांत न बदललेलं ऑइल असेल तर काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच. कॅलिपरमध्ये ते उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पाय मारलात तो बुडबुडे चेपण्यात गेला आणि पेडल तळाला टेकलं. गाडी पिटमध्ये येऊन गार झाली, वाफेचं पुन्हा पाणी झालं, पेडल कडक. पुण्याला पोचेपर्यंत पुरावा नाहीसा. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने गाडी पार्किंगमध्ये दोन चकरा मारून बघितली असणार. त्याला काय दिसणार?

एक खूण लक्षात ठेवा. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे, पाय दुखेपर्यंत दाबताय आणि गाडी थांबत नाही, तर पॅड जळले. दोन्हींवरचा इलाज वेगळा.

तुमच्यासाठी : ट्रॅक डेच्या आठवडाभर आधी ऑइल पूर्ण बदलून घ्या, कॅलिपरमधली हवा नीट काढून घ्या. डॉट ५.१ चालेल किंवा ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंगचं डॉट ४ मिळतं ते. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं मात्र सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत घालू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला. पातळ पॅड उष्णता अडवत नाही.

आणि पायाची सवय बदला. हे मी पुणेकराला मुद्दाम सांगते, कारण आपण खंडाळ्याचा घाट ब्रेकवर पाय टेकवून उतरतो. हलका, लांबवलेला ब्रेक ट्रॅकवर सगळ्यात वाईट. डिस्क तापत राहते, गाडी थांबत नाही. कडक मारा, लवकर सोडा. चार जोरदार फेऱ्या झाल्या की एक फेरी ब्रेकला न शिवता गार करायची. पिटमध्ये आलात की हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेकवर पाय ठेवून गप्पा मारत उभं राहायचं नाही. गरम डिस्कवर पॅड एका जागी चिकटून राहतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

महागड्या सुपरकारला कार्बन सिरॅमिक डिस्क असतात, त्या जास्त उष्णता सोसतात. ऑइल तिथेही हेच. हजार हॉर्सपॉवरच्या गाडीतसुद्धा पावसाळ्यात पाणी पिणारं ऑइल असतं, हे मालक विसरतात.

मित्राच्या बाबांकडे लँबोर्गिनी हुराकान आहे. रात्री दोननंतर समृद्धीवर कोणी नसतं. ट्रॅकपेक्षा तिथे फुकटात टॉप स्पीड बघता येईल ना? (ठाण्याहून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

नाही. रात्री दोनला समृद्धीवर ट्रक असतात, दिवे नसलेले असतात, थकलेले ड्रायव्हर असतात आणि कधी कधी जनावरं असतात. मर्यादा १२० आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. शिवाय बाबांची पॉलिसी काढून वाच. ‘स्पीड टेस्टिंग’ आणि ‘ऑर्गनाइज्ड रेसिंग’ वगळल्याचं आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत छापलेलंच असतं. शुल्क आणि कर धरून इथे दुपटीच्या पुढे किंमत पडलेली गाडी, तीही दुसऱ्याच्या बापाची.

लांब सरळ पट्टाच हवा असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं, हरमान टिल्केचं डिझाइन. तिसऱ्या वळणानंतरचा सरळ पट्टा किलोमीटरहून मोठा, २०११ ते १३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनवाले तिथे ३०० ओलांडत होते. (तिन्ही शर्यती सेबास्टियन फेटेल या एकाच ड्रायव्हरने जिंकल्या, त्यामुळे टीव्हीवर जरा कंटाळाच आला.) ट्रॅक डे कधी आहे ते बघ, मित्राच्या बाबांनाच गाडी घेऊन जायला सांग आणि तू शेजारी बस. ते नाही म्हणाले तर बाप शहाणा आहे असं समज.

माझी उंची चार फूट अकरा इंच. वय चौतीस. स्पोर्ट्स कार ट्रॅकवर चालवायची फार इच्छा आहे, पण भीती वाटते की तिथली पुरुषमंडळी हसतील आणि पाय पोचणार नाहीत. सुरुवात कुठून करू? (कोल्हापूर)

पाय पोचतील. सीट पुढे आणि वर घ्या, पाठीमागे कडक उशी मागा. मऊ नको, ब्रेक मारताना मऊ उशीत पाठ रुतते आणि पाय मागे जातो. स्टिअरिंग बाहेर ओढता येतं, तेही ओढा, पण छातीपासून वीतभरापेक्षा जास्त अंतर राहू द्या, आत एअरबॅग आहे. मी स्वतः पाच फूट एक.

हसणाऱ्यांचं सांगते. पहिल्या सत्रानंतर हसू बंद होतं, कारण नवशिक्या बायका सहसा शंकू पाळतात आणि त्यांच्या फेऱ्या एकसारख्या येतात. इन्स्ट्रक्टर तुमच्याऐवजी तुमच्या नवऱ्याशी बोलू लागला तर इन्स्ट्रक्टर बदलून मागा. पैसे तुम्ही भरलेत.

आणि सुरुवात कुठून हे कोल्हापूरकराने मला विचारावं! ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी ही राष्ट्रीय शर्यतींतली नावं तुमच्याच गावची. आधी कार्टिंग करा. कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतं, एबीएस नसतं, जमिनीपासून बोटभर उंचीवर बसायचं. मागच्या चाकांचा ब्रेक जास्त मारला की कार्ट गर्रकन फिरते, आणि ब्रेक, नजर, वळणाची रेषा हे सगळं स्वस्तात अंगात मुरतं. दुसऱ्या दिवशी बरगड्या आणि मनगटं दुखतील, ते धरून चाला. मग कोइंबतूरच्या करी स्पीडवेसारख्या लहान ट्रॅकवर फॉर्म्युला गाडीचा शिकाऊ कोर्स. सुपरकार त्यानंतर घ्या, तेव्हा तुम्हाला ती भाड्याने देणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे ते माहीत असेल.

ड्रायव्हरच्या शेजारी बसून एक फेरी मारली आणि पोटात ढवळलं. स्वतः चालवताना असंच होईल का? (रत्नागिरी)

सहसा नाही. चालवणाऱ्याला पुढचा हिसका कुठून येणार ते आधीच माहीत असतं, शेजारच्याला नसतं. रिकाम्या पोटी जाऊ नका, भरल्या पोटी तर नकोच. दोन तास आधी पोळी-भाजी खा आणि फेरीत मोबाइलवर शूटिंग करू नका.

एका वाक्यात सांगा : फेरारी की लँबोर्गिनी? (नागपूर)

पोर्शे ९११ जीटी३. टर्बोशिवायचं चार लिटरचं इंजिन, ९००० आरपीएमपर्यंत ओरडतं, आणि दहाव्या फेरीतलं ब्रेकचं पेडल पहिल्या फेरीतल्यासारखंच लागतं. बाकी लाल फेरारी पिटमध्ये उभी असली तर तिच्याजवळ फोटो काढून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.